एकाच वळणाची पाच पत्रं

लेम्युएल ग्रिग्जला या सगळ्यातून मिळायचं होतं ते एवढंच: सहा सेकंद. तीन रिळांच्या त्या गुप्तहेरी मूकपटाच्या अगदी सुरुवातीला, नायक दिसायच्याही आधी, काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव येणार होतं. 'हस्ताक्षरतज्ज्ञ प्रोफेसर एल. ग्रिग्ज यांच्या देखरेखीखाली.' पाटी त्यानंच रंगवली होती, त्यामुळे सेकंद त्याला पाठ होते. मालक स्टाऊट पाच सेकंदांवर अडून बसला होता. स्टाऊट सिनेमाच्या धंद्यात यायच्या आधी हातमोजे विकायचा, आणि अजूनही समोरच्याशी बोलताना तो त्याच्या बोटांची मापं घेत असल्यासारखा बघायचा. सहावा सेकंद ग्रिग्जनं घासाघीस करून मिळवला. पाच सेकंदांत नाव वाचून होतं. सहाव्यात ते लक्षात राहतं, असं त्याचं गणित होतं. फोर्ट लीच्या त्या टेकडीवर स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली दिवसभर तोंडाला पिवळा रंग फासून मरणाऱ्या आणि मारणाऱ्या नटांनाही स्वतःचं नाव पडद्यावर दिसत नव्हतं, आणि याला दिसणार होतं. नट त्याच्यावर जळत होते. जळोत. ग्रिग्जला नटांबद्दल जे वाटायचं त्याला तिरस्कार म्हणणंसुद्धा त्यांचा मान ठेवण्यासारखं होतं. ज्या माणसाला टाक धरता येत नाही त्यानं रडून दाखवलं तर त्यात कौतुक कसलं?

आणि आता गुरुवारी दुपारी, नदीपलीकडे न्यूयॉर्कात, आठव्या ॲव्हेन्यूवरच्या एका पाच सेंटवाल्या थिएटरात, ओल्या लोकरीच्या आणि संत्र्याच्या सालींच्या वासात, एका कचकचणाऱ्या लाकडी खुर्चीवर तो ते सेकंद मोजायला बसला होता. कोणाला सांगून आला नव्हता. टोपी मांडीवर, छत्री दोन गुडघ्यांत. पाटी आली. एक, दोन, तीन. पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई मान वळवून शेजारणीला काहीतरी सांगत होती. चार, पाच. तिनं मान सरळ केली तेव्हा सहावा संपलेला होता. ग्रिग्जनं मनात नोंद केली की या बाईनं त्याचं नाव पाहिलंच नाही, आणि लगेच असंही ठरवलं की अशा बायकांसाठी ते लिहिलेलंच नव्हतं. ते ओहायोतल्या एका माणसासाठी लिहिलेलं होतं. त्या माणसाच्या शाळेत ग्रिग्जनं बावीस वर्षं सुलेखन शिकवलं होतं, आणि एका सोमवारी सकाळी त्याच्या वर्गातली चाळीस बाकं बाहेर काढून चाळीस टाइपरायटर आत आणले गेले होते. "काळ बदलला, ग्रिग्ज," मुख्याध्यापक म्हणाले होते. सुटीत मेहुणीकडे जाणारा, सभेत घोरणारा, सही करताना जीभ बाहेर काढणारा तो माणूस कुठल्यातरी शनिवारी कुठल्यातरी थिएटरात बसेल आणि त्याच्या तोंडावर हे सहा सेकंद पडतील. बस. एवढ्यासाठी.

चित्रपट तसा बऱ्यापैकी टाकाऊ होता. जहाजांचा मालक असलेला एक म्हातारा आपल्या अभ्यासिकेत मरून पडतो. टेबलावर धमकीचं पत्र. पुतणी गुप्तहेराला बोलावते. गुप्तहेर येतो, जमिनीवर रांगतो, राख हुंगतो, भिंगातून गालिचा पाहतो आणि शेवटी घरच्या वकिलानं पाठवलेलं सांत्वनाचं पत्र त्या धमकीच्या पत्राशेजारी धरतो. दोन्हींचं अक्षर एकच! वकील खाली कोसळतो. कथेचं सगळं वजन त्या एका क्षणावर, आणि तो क्षण ग्रिग्जचा. कारण पडद्यावर दिसणारं प्रत्येक पत्र तोच लिहायचा. कंपनीची रीतच तशी. चित्रपटात कोणी पत्र उघडलं की त्या कागदाचं चित्र वेगळं घ्यायचं, आणि अशी सगळी कागदाची चित्रं, सगळ्या पात्रांची, शेवटच्या एका दुपारी एकदम उरकायची. काळी मखमल पसरलेलं टेबल, फिकट पिवळा कागद, कारण पांढरा कॅमेऱ्यात भगभगतो, आणि काळीच शाई, कारण निळी दिसतच नाही. म्हाताऱ्याचं पत्र, धमकी, पुतणीची विनवणी, वकिलाचं सांत्वन, गुप्तहेराची चिठ्ठी. पाच कागद, एक टाक, एक दुपार. दिग्दर्शक डफीनं विझलेली सिगार चावत त्याला बजावलं होतं, "मास्तर, वकिलाचं नि खुन्याचं सारखं पाहिजे. बाकीची तीन वेगळी. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे देव पावला."

"मला अक्षर शिकवू नका, डफी."

"शिकवत नाय. मला स्वतःला कुठं येतं? मी सांगतोय. वेगळं म्हणजे आंधळ्याला कळंल असं वेगळं."

आणि त्यानं वेगळी काढली होती. पुतणीच्या पत्रात वर जाणाऱ्या रेघा केसाइतक्या बारीक ठेवल्या होत्या. म्हाताऱ्याचा कल एका अंशानं उभा केला होता. गुप्तहेराच्या चिठ्ठीत शेवटच्या अक्षरांची शेपटं आखूड कापली होती, कारण गुप्तहेर घाईत असतो. हे सगळं ग्रिग्जला लख्ख दिसत होतं. सुलेखनाच्या कुठल्याही परीक्षकाला दिसलं असतं.

"हेच अक्षर मगाशी त्या पोरीचं होतं."

पुढच्या रांगेतली जाडजूड बाई बोलली. मोठ्यानं नाही, पण पियानो वाजवणारी तेव्हाच पान उलटत होती आणि थिएटरात क्षणभर नुसती यंत्राची घरघर होती. पडद्यावर गुप्तहेर दोन पत्रं शेजारी शेजारी धरून उभा होता.

"गप गं ब्रायडी. तुला वाचता कुठं येतं?" शेजारीण म्हणाली. संवादांच्या पाट्या तीच तिला कानात वाचून दाखवत होती.

"वाचता येत नाही म्हणून तर बघते. तू वाचत बसतेस, तुला कुठनं दिसणार? बघ ना, पहिलं अक्षर बघ. पोटाला वेलांटी आणि वर बदकाची मान. पोरीच्या कागदावर हेच. म्हाताऱ्याच्या हेच. आणि तो टोपीवाला पोलीस निघाला ना, त्यानं चिठ्ठी ठेवली, तीवर पण हेच!"

"अगं पण वकिलानं मारलंय. पाटीवर लिहिलंय."

"लिहू दे. तीस वर्षं कॉलरवरच्या शाईच्या खुणा बघून लोकांचे कपडे परत करते मी, एक शर्ट इकडचा तिकडे गेला नाही. हे सगळं एका हाताचं काम आहे. त्या पोलिसानंच मारलं म्हाताऱ्याला! नाहीतर म्हाताऱ्यानं स्वतःच स्वतःला धमकी लिहिली."

मागून कोणीतरी हसलं. मग कोणीतरी ओरडलं, "पोलिसाला धरा!" पियानोवाली बाई गोंधळली आणि तिनं अटकेच्या गंभीर सुरांऐवजी पाठलागाची चाल धरली. हसू खुर्च्याखुर्च्यांतून पसरत गेलं. वकील पडद्यावर छाती धरून कोसळला तेव्हा एका गाडीवानानं त्याला हाक मारली, "ऊठ रे बाबा, तुझा काय दोष!" आणि सगळं थिएटर खिदळलं. ग्रिग्ज पडद्याकडे बघत होता. बदकाची मान. तो डी होता. पाचही पत्रं रीतीप्रमाणे एकाच 'डिअर'च्या मायन्यानं सुरू होत होती आणि त्या मायन्याचं पहिलं अक्षर डी. तो डी त्याला त्याच्या गुरूनं दिलेला होता, आणि गुरूला त्याच्या गुरूनं. पोटाची वेलांटी एका दमात, मनगट न टेकवता, खांद्यातून. तो त्यानं कधी मोडला नव्हता. पाचही वेळा टाक कागदाला लागला तेव्हा हात आपला आपण तिकडे गेला असणार, जसा घोडा घरच्या फाटकाकडे वळतो. केसाइतक्या बारीक रेघा? त्या पडद्यावर दिसतच नव्हत्या. एका अंशाचा कल? बारा फूट उंच कागदावर तो एक अंश कुठल्या कुठे वाहून गेला होता. उरला होता डी. पडद्यावर बैलाएवढा.

तो उठला नाही. उठला असता तर लोकांनी पाहिलं असतं, असं त्याला वाटलं. आणि मग वाटलं की या लोकांनी पाहिलं तरी यांना काय कळणार आहे. ही दोन वाक्यं त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसली होती आणि दोघांनाही एकमेकांची लाज वाटत नव्हती. धोबीण! शर्टाच्या घामावरून माणूस ओळखणारी, शिकली असती तर मजकुरात बुडाली असती आणि गप्प बसली असती. हीच यांची गंमत: अडाणी राहून डोळे शाबूत ठेवायचे आणि त्यालाच अक्कल म्हणायचं. त्यानं तिच्या मानेकडे, टोपीवरच्या सुकलेल्या कागदी चेरींकडे पाहिलं. असली माणसं आपल्या शाळेच्या दारातून आत आली असती तर आपण त्यांना पहिल्या महिन्यात सरळ केलं असतं. पहिला महिना नुसते गोल. चाळीस हात, चाळीस टाक, आणि तो मधल्या वाटेत छडीनं बाकावर ठेका देत: एक, दोन, हलकं वर, जड खाली. सहा महिन्यांनी चाळीस कागद गोळा करायचे आणि नावं झाकून भिंतीवर लावायचे. सिनसिनाटीहून आलेल्या परीक्षकांनी एका वर्षी तासभर त्या भिंतीपुढे उभं राहून हात टेकले होते. 'कोणता कागद कोणाचा हे सांगणं अशक्य,' असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं, आणि त्याला पदक दिलं. ते पदक त्याच्या खोलीत अजून होतं, शाईच्या बाटल्यांमागे. कोरा बील नावाची एकच मुलगी होती, जिची अक्षरं मागे झुकायची, वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखी. तिला त्यानं दोनदा नापास केलं. दहा वर्षांनी कॅन्ससहून तिचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरची पहिली ओळ पाहताच त्यानं ओळखलं होतं की ही कोरा. चाळिसांपैकी दुसऱ्या कोणाचं पत्र आलं असतं तर सही वाचेपर्यंत कळलं नसतं. तेव्हा त्याला त्यात तिचीच हार दिसली होती. आता, हसणाऱ्या लोकांत बसलेला असताना, ती आठवण पोटात गेलेल्या माशाच्या काट्यासारखी जरा हलली. त्यानं ती जागीच दाबली. जे ओहायोत पदक देतं तेच आठव्या ॲव्हेन्यूवर हशा देतं, यात दोष आठव्या ॲव्हेन्यूचा.

फेरीबोटीवर तो कठड्याशी उभा राहिला. हडसनचं पाणी करडं, शिशासारखं, आणि समोर फोर्ट लीचे ते उभे कडे. दुसऱ्या एका सिनेमा कंपनीचे लोक त्या कड्यावरून रोज कोणालातरी दोरीनं लटकवत. आज तिथं एक बाई लटकत होती आणि बोटीवरचे लोक बोटं दाखवत होते. त्याला मात्र बाई दिसत नव्हती. त्याला जोडणीच्या खोलीतली ओटिली क्रान्झ दिसत होती, आणि येत होता तिचा केळ्यांचा वास. फिल्म जोडायचा गोंद पिकलेल्या केळ्यांसारखा दरवळतो, आणि जोडणीच्या खोलीत पाच वर्षं बसलेल्या बाईच्या केसांतून तो रविवारीही जात नाही. युनियन हिलची जर्मन विधवा, चाळिशीची. तिथल्या भरतकामाच्या कारखान्यातून आलेली. काळ्या राय पावावर चरबी लावून, वर कांदा ठेवून खायची आणि कोणाशी फारसं बोलायची नाही. गेल्या महिन्यात तिनं त्याला जोडणीच्या खोलीच्या दारात थांबवलं होतं.

"मास्तर, एक मिनिट. ही कागदाची चित्रं मी जोडतेय. यातलं पुतणीचं कोणतं?"

"खाली सही आहे, मिसेस क्रान्झ."

"सही वाचते हो मी. वरचं विचारतेय. पाचही एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. शेवटी तो माणूस दोन पत्रं दाखवून वकिलाला पकडतो ना? मग तो पुतणीला का नाही पकडत?"

"तुम्हाला फरक दिसत नाही, यात अक्षराचा काय दोष? वरच्या रेघा पाहा. बारीक आहेत."

तिनं फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिलं. भरतकामाच्या बायका टाका पाहतात तसं, एक डोळा मिटून. "आहेत," ती म्हणाली. "असतील. पण मला भिंग लावून दिसतं ते तिकीट काढणाऱ्याला कसं दिसणार?"

"तिकीट काढणारा अक्षर बघत नाही, बाई. तो मजकूर बघतो. आणि निम्म्यांना तोही दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागतो."

"म्हणूनच म्हणते." तिनं पट्टी खाली ठेवली. "अजून ऊन आहे. दोन तास आहेत. तुम्ही तीन कागद पुन्हा काढा, वाटलं तर डाव्या हातानं काढा, कॅमेरावाल्याला मी थांबवते. रात्री मी जोडून ठेवीन. कोणाला कळणार नाही."

डाव्या हातानं! ग्रिग्जला ते वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं तापत. पण त्या दिवशी त्याला थांबवलं ते अपमानानं नव्हे. खरं सांगायचं तर पाटीनं. कॅमेरा पुन्हा लावायचा तर डफीला सांगावं लागणार. डफी स्टाऊटला सांगणार. आणि स्टाऊट, पाच आणि सहा सेकंदांत फरक करणारा स्टाऊट, विचारणार की ज्याला पाच माणसांची पाच अक्षरं काढता येत नाहीत तो तज्ज्ञ कसला? पाटी तेव्हा वाळत होती. तिचा रंग अजून ओला होता.

"तुम्ही डफीला सांगा हवं तर," तो म्हणाला होता. "आणि हेही सांगा की हे मत झालरी विणणाऱ्या बाईचं आहे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, भाव ठरवताना बघतात तसं. "मी नाही सांगणार. तुमचं नाव आहे त्यावर. सांगायचं तर तुम्हीच सांगा."

आणि ती आत गेली, पाचही चित्रं सांगितलेल्या जागी बिनचूक जोडली, आणि बावीस प्रती बावीस डब्यांतून देशभर गेल्या. सोमवारी प्रदर्शित म्हणजे सोमवारीच. या धंद्यात तारीख मोडत नाही, माणूस मोडतो.

शुक्रवारी सकाळी स्टाऊटनं त्याला बोलावलं तेव्हा डफी आधीच खिडकीशी उभा होता, आणि टेबलावर तीन पत्रं होती, नेवार्क, ट्रेंटन आणि स्क्रँटनच्या थिएटरवाल्यांची. टाइप केलेली. ग्रिग्जला त्यांचा मजकूर वाचायची गरज पडली नाही.

"हसतायत," स्टाऊट म्हणाला. "खुनाच्या चित्रपटाला हसतायत. स्क्रँटनमध्ये गुप्तहेराला अटक करा म्हणून खाणकामगारांनी पाय आपटले. मास्तर, तज्ज्ञ तुम्ही. पाटीवर तसं आपणच लिहिलंय. तेव्हा सांगा. काय झालंय?"

खोली गरम होती. खिडकीखाली कोणीतरी बनावट बर्फ झाडत होतं. ग्रिग्जला त्या क्षणी आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं: वाक्य किती अलगद आलं. मनगट न टेकवता, खांद्यातून.

"जोडणीत गोंधळ झाला असावा," तो म्हणाला. "वकिलाचं पत्र भलत्या जागी लागलं असावं."

असावा. असावं. त्यानं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. डफीनं खिडकीतून तोंड वळवलं आणि सिगारीचा कोपरा दातांत फिरवला. वेगळी तीन पत्रं दिग्दर्शकानंही तपासायची असतात, हे त्यालाही आठवलं असणार. "झालंच असंल," तो म्हणाला. "त्या बाया दिवसभर गोंद हुंगतात. मीपण हुंगला तर मला माझं घर सापडायचं नाय."

"कोण जोडत होतं?"

डफीला नाव आठवेना. तो 'क्रान', 'क्रांत्स' असं काहीतरी चाचपडत होता. ग्रिग्जनं ते नीट उच्चारून सांगितलं, शेवटच्या जर्मन व्यंजनासकट. आपल्याला परक्या नावांचे उच्चार अचूक येतात याचा त्याला त्याही क्षणी थोडा अभिमान वाटला.

ती आली ती बाह्या वर करूनच, केळ्यांचा वास घेऊन. स्टाऊटनं तिला बसायला सांगितलं नाही. "बाई, पत्रं चुकीच्या जागी लागलीत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

तिनं तिघांकडे क्रमानं पाहिलं आणि ग्रिग्जपाशी थांबली. "कुठलं पत्र कुठं लागलं, मास्तर? सांगा ना, मी ऐकते."

"वकिलाचं," त्याच्या तोंडून गेलं. "पुतणीच्या जागी."

"पण त्याच्याखाली पुतणीची सही आहे. सगळ्या अमेरिकेनं पाहिली. वकील पुतणीची सही कशाला करेल?"

हे ऐकून स्टाऊटच्या चेहऱ्यावर जे झालं ते ग्रिग्जनं स्पष्ट पाहिलं. स्टाऊटला कळलं. सगळं, एका दमात, हातमोज्याची शिवण उसवलेली कळावी तसं. आणि कळल्यावर त्यानं काय केलं, तर कळलेलं खिशात घातलं. तज्ज्ञ खोटा ठरवायचा तर बावीस प्रतींच्या बावीस पाट्या कापायच्या, थिएटरवाल्यांना तोंड दाखवायचं, आणि 'शास्त्रशुद्ध रहस्यपट' म्हणून दिलेल्या जाहिराती गिळायच्या. बाईला घालवायचं तर नुसतं दार उघडायचं.

"सह्या कोण बघतं, बाई," तो म्हणाला. "शनिवारपर्यंतचं काम करा, हिशेब घ्या आणि या."

ती भांडली नाही, रडली नाही. डब्यात उरलेले तुकडे होते, क्रम लिहिलेली वही होती. तिनं काही आणून दाखवलं नाही. दाखवून कोणाला दाखवायचं, हे तिला स्टाऊटच्याच चेहऱ्यावर वाचता आलं असणार. दारात तिनं फक्त ग्रिग्जला विचारलं, अगदी हलक्या आवाजात, जणू खरंच माहिती हवी होती: "पाटी किती वेळ राहते हो पडद्यावर?"

त्यानं सांगितलं. त्याला न सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

"पुष्कळ झाले," ती म्हणाली.

पुढचे दिवस त्यानं तिच्याबद्दल मन हलकं करून घेण्यात घालवले. युनियन हिलला कारखाने ढिगानं आहेत. भरतकामाला हात लागतातच. मूळची तिथलीच ती. एवढ्या तडफेची बाई उपाशी राहायची नाही. तडफ ही गोष्टच मुळी गरिबांना भरपाई म्हणून दिलेली असते. अशी वाक्यं त्याला सुचत आणि तो ती मनातल्या मनात सुरेख गोल अक्षरात लिहून काढी. पण ती वाळत नसत. जेवणाच्या टेबलावर घरमालकीण यकृत आणि कांदा वाढे तेव्हा त्याला कांद्याचा वास येई आणि तो ताट बाजूला सारी. सगळ्या जगाचा त्याला कंटाळा आला होता, तुच्छता वाटत होती. फक्त आता त्या तुच्छतेला टेकायला भिंत सापडत नव्हती. जिथं टेकावं तिथं एक डोळा मिटलेली बाई उजेडाकडे काहीतरी धरून उभी.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात डफी सेटवर नाचत आला. नाचतच, अक्षरशः. थिएटरवाले चित्रपट परत पाठवत नव्हते, मुदत वाढवून मागत होते. लोक दुसऱ्यांदा येत होते, सोबत मेहुणे-शेजारी घेऊन, आणि अक्षर ओळखायच्या पैजा लावत होते. पिट्सबर्गमध्ये प्रेक्षकांनी पत्र दिसलं की एका सुरात 'डी' म्हणून ओरडायची टूम काढली होती.

"मास्तर, आपण विनोदी चित्रपट केलाय आणि आपल्यालाच कळलं नाय!" डफीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता एकच पाटी नवी घालायची. शेवटी गुप्तहेर आपल्याकडे वळून म्हणतो: 'या घरात सगळ्यांचा मास्तर एकच!' काय? आणि पाटी तुमच्याच अक्षरात. त्याच बदकानं सुरुवात."

ग्रिग्जनं ती रंगवली. चांगली रंगवली, वाईट त्याला येतच नव्हतं. रंग वाळत असताना तो उठून स्टाऊटच्या खोलीत गेला. का गेला हे त्याला पायऱ्या चढताना नीट माहीत होतं आणि दार ठोठावताना कमी.

"मिसेस क्रान्झना परत बोलवावं," तो म्हणाला. "आता तर नुकसान झालेलं नाही. उलट झालं."

स्टाऊट खुशीत होता. त्यानं त्याला बसायला सांगितलं, हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बोलवू की. चांगली जोडायची. पण मास्तर, थिएटरवाल्यांना मी लिहून बसलोय की चूक जोडणीत झाली आणि जोडणारीला काढलं. तिला परत आणायचं तर चूक कोणाची होती ते सांगावं लागेल. मला अडचण नाही. आता कोणी रागावायचं नाही, हसतील थोडं. फक्त ती पहिली पाटी काढावी लागेल. चूक करणारा तज्ज्ञ मला पाटीवर ठेवता येणार नाही, बरं दिसत नाही. नाव ठेवायचं की बाई आणायची, ते तुम्ही बोला. मला दोन्ही सारखं."

खरोखरच सारखं होतं त्याला. ग्रिग्जला त्याचा हेवा वाटला. स्टाऊटनं खिशातून घड्याळ काढलं, घाई म्हणून नव्हे, सवय म्हणून, आणि झाकण उघडून ठेवलं. ग्रिग्जला टिकटिक ऐकू येत होती. त्याला ओहायोतला तो माणूस आठवायला हवा होता. मेहुणी, घोरणं, बाहेर आलेली जीभ. तो आठवेना. पडद्यावर नाव आलं की पिट्सबर्गचे लोक आता आधीच हसायला लागतात, हे डफीनं त्याला सकाळीच सांगितलं होतं. म्हणजे नाव वाचतात. लक्षात ठेवतात. बाई काय, बाईला काम मिळालं असेल.

"राहू दे," ग्रिग्ज म्हणाला.

"काय राहू दे? नाव की बाई?"

"नाव."

स्टाऊटनं घड्याळ मिटलं. ग्रिग्ज उभा राहिला, टोपी घेतली, आणि जिन्यावर आपोआप, एकेका पायरीला एकेक माणूस, असा त्याच्या मनात हिशेब होऊ लागला. ब्रायडी धोबिणीनं पाच सेंट टाकले होते आणि त्यांचं पुरेपूर हसू वसूल केलं होतं. डफीनं काहीच टाकलं नव्हतं, त्याला आता विनोदी चित्रपट मिळणार होते. स्टाऊटनं तर फक्त दार उघडलं होतं. खालच्या पायऱ्यांवर उरले दोघं. सहा सेकंद लेम्युएल ग्रिग्जला मिळाले, बावीस प्रतींवर, रोज चार खेळ. त्यांचे पैसे भरले ओटिली क्रान्झनं, आणि भरताना तिनं पावती मागितली नाही.